तुम्ही विचारा: नॅशनल पार्कात चालायला, पळायला जाताना

मागच्या अंकात "तुम्ही चालायला कुठे जाता?" असं सहज विचारलं होतं आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कबद्दल पत्रांचा ढीगच आला, म्हणून या वेळी अख्खा कॉलम संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला. आम्ही इकडचे लोक अजून नॅशनल पार्कच म्हणतो, तर पुढेही तेच लिहिते. बऱ्याच जणांनी नवे ट्रेल, वेगळे ट्रेल, "कोणाला माहीत नसलेले" ट्रेल विचारलेत. त्यांना आधीच सांगते की माझं मत जरा वेगळं आहे, गेटपासून कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणारा साधा डांबरी रस्ता वर्षभर चाला, तोच तोच, बारा महिने, आणि मग बघा ट्रेलची किती गरज वाटते ते.

प्रश्न: मी कांदिवली पूर्वेला राहतो, वय ५९, नुकताच रिटायर झालो. शुगर बॉर्डरला आहे, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये गाड्या चुकवत गोल गोल फिरून वैताग आला. मुलगा म्हणतो नॅशनल पार्कला जा, बायको म्हणते तिथे बिबट्या आहे, पाय ठेवायचा नाही. काय करू? आणि पास कसा काढतात?

उत्तर: काका, जा, नक्की जा आणि काकूंनाही सोबत न्या, कारण ही भीती घरी बसून जात नाही, सकाळी तिथे चालणाऱ्यांची वर्दळ बघितली की निम्मी तिथेच जाते. आकुर्ली किंवा पोयसरला मेट्रोत बसलात की हायवेवर राष्ट्रीय उद्यान नावाचंच स्टेशन आहे, उतरून थोडं चाललं की गेट. रोज जायचं तर रोज तिकिटाच्या लाइनीत उभे राहू नका, मॉर्निंग वॉकवाल्यांचा वेगळा पास निघतो, फोटो आणि ओळखपत्र घेऊन तिथल्या ऑफिसात जा. दर आणि वेळा मधूनमधून बदलतात म्हणून इथे छापत नाही, गेटवर बोर्ड असतो. सोमवारी पार्क पर्यटकांना बंद असतो, त्या दिवशी पासवाल्यांचं काय आणि पासावर आत कुठपर्यंत जाऊ देतात, हे पास काढतानाच विचारून घ्या.

सुरुवातीला लांब जायचं नाही. गेटपासून आत आलात की पहिला भाग बऱ्यापैकी सपाट आहे, बाजूने दहिसर नदी लागते (हो, हायवेपलीकडे नाल्यासारखी दिसते तीच, इथे आत ती खरीखुरी नदी आहे, तुळशी तलावाकडून येते), तेवढाच भाग पहिला महिना जाऊन-येऊन करा. वेग कसा ओळखायचा, तर चालता चालता काकूंशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणायला गेलात तर दम लागला पाहिजे, एवढंच, घड्याळ बिड्याळ काही नको. शुगरची गोळी चालू असेल तर उपाशीपोटी जायचं की काही खाऊन ते डॉक्टरांना विचारा आणि साखरेची पुडी पँटच्या खिशात ठेवा, हातातल्या पिशवीत नको, पिशवी माकडं ओढतात.

आता बिबट्या. आहे, खोटं कशाला सांगू. पार्क साधारण १०४ चौरस किलोमीटरचं आणि २०१८ च्या कॅमेरा ट्रॅपच्या (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) अभ्यासात पार्क आणि लगतचं जंगल धरून ४७ बिबटे मोजले गेले होते, आणि हे सगळं लाखो लोकांच्या वस्तीला चिकटून. तरी रोज सकाळी इतकी माणसं चालून घरी जातात, कारण बिबट्या माणसाला टाळतो, त्याची वेळ संध्याकाळ ते पहाट. काकूंना जे आठवत असेल ते बहुतेक २००४ सालचं, तेव्हा खरंच वाईट घटना घडल्या होत्या आणि पेपरात रोज बातम्या यायच्या. त्या आधी दुसरीकडे पकडलेले बिबटे इथल्या जंगलात आणून सोडले जायचे, आणि अनोळखी जागी सोडलेलं जनावर बिथरतं, त्याने हल्ले वाढतात असं अभ्यासकांनी पुढे मांडलं. मग २०११ मध्ये वनखात्याने अभ्यासक आणि नागरिकांना घेऊन मुंबईकर्स फॉर एसजीएनपी (म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क) हा उपक्रम सुरू केला, आजूबाजूच्या वस्त्यांत जाऊन लोकांशी बोलणं, कचरा कमी करा, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणजे खरी गोष्ट अशी की बिबट्याचा प्रश्न बराचसा आपल्या कचराकुंडीपाशी सुरू होतो.

तुम्ही एवढंच पाळा: नीट उजाडल्यावर आत शिरा, अंधार पडायच्या आत बाहेर या, रस्ता सोडून झाडीत जाऊ नका आणि झाडीच्या कडेला उकिडवं बसू नका, खाली बसलेला माणूस बिबट्याच्या नजरेला लहान जनावर वाटू शकतो. दिसलाच कधी तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, ताठ उभं राहून हळूहळू मागे सरायचं आणि त्याला जायला वाट ठेवायची. मोबाइल काढून पुढे पुढे जायचं नाही हे वेगळं सांगायला नको, पण सांगते. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे, फोनमध्ये सेव्ह करा.

प्रश्न: मी मालाडला राहते, वय ३४, आयटीत आहे. जानेवारीत हाफ मॅरेथॉन करायचीय. शनिवार-रविवार नॅशनल पार्कमध्ये कान्हेरीच्या रस्त्याला पळते, जाताना मस्त वाटतं पण येताना उतारावर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. ग्रुपमधले म्हणतात शूज बदल. आणि एकटीने पळणं सेफ आहे का? मी कानात गाणी लावून पळते.

उत्तर: शूजवर पैसे घालायच्या आधी उताराकडे बघ. चढताना दम लागतो म्हणून आपल्याला वाटतं चढच अवघड, पण गुडघ्याला मार बसतो तो उतरताना, कारण प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो आणि तो स्नायू कच्चा असला की भार गुडघ्याच्या वाटीवर जातो. गेटपासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर, शेवटचा भाग चांगलाच चढाचा, म्हणजे परत फिरल्यावर पहिल्याच टप्प्यात तीव्र उतार आणि तोही पाय थकलेले असताना! तेव्हा पहिले दोन महिने तो वरचा उतार चक्क चालत उतर. कमीपणा काही नाही त्यात. खालच्या सौम्य उतारावर पळताना पावलं छोटी आणि भरभर टाक, लांब ढांग टाकून टाच आपटायची नाही, अंग मागे झुकवायचं नाही. आठवड्यातून दोनदा घरी पायरीवरून एका पायावर हळू उतरायचा व्यायाम कर, सावकाश, आरशासमोर, गुडघा आत वळतोय का बघत. स्क्वॉट्स आणि पोटऱ्यांचे व्यायामही. आणि फक्त शनिवार-रविवार पळून हाफ होत नाही गं, मधल्या वारी दोन दिवस तरी छोटं, हळू पळणं हवं, नाहीतर सगळा भार वीकेंडला त्या एका उतारावर येतो. गुडघा सुजला, अडकल्यासारखा झाला किंवा जिने उतरतानाही दुखत राहिला तर मात्र फिजिओकडे किंवा ऑर्थोपेडिककडे जायचं, ग्रुपवर विचारत बसायचं नाही.

बाकी रस्ता तू फार योग्य निवडलायस. मुंबई मॅरेथॉनच्या हाफला शेवटाकडे पेडर रोडचा चढ येतो आणि मरीन ड्राइव्हच्या सपाटीवर प्रॅक्टिस केलेले भलेभले तिथे चालायला लागतात. कान्हेरीच्या रस्त्याला ज्याने चार महिने काढलेत त्याला पेडर रोडचं काही वाटत नाही.

ऑक्टोबरात मात्र वेळेच्या मागे लागू नकोस. हवा दमट असली की घाम नुसता वाहतो, वाळत नाही, म्हणजे अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात. तेव्हा त्या महिन्यात वेग पडला तर तुझी तयारी बिघडली असं समजू नको, डिसेंबरात तोच पाय तोच रस्ता भराभर कापतो.

गाणी काढ. एकदम काढ, एका कानातलीसुद्धा. मागून कान्हेरीची बस येते, सायकली येतात, माकडांचं टोळकं रस्ता ओलांडत असतं, आणि जंगलात धोक्याची पहिली बातमी आवाजाने येते, वानर खोकल्यासारखं ओरडायला लागलं किंवा चितळाने कुकारा दिला की जवळपास काहीतरी आहे असं समजायचं आणि थांबून चार माणसं जमेपर्यंत पुढे जायचं नाही. एकटीने पळण्याबद्दल म्हणशील तर वर्दळीच्या वेळी, वर्दळीच्या भागात काही हरकत नाही, पण कान्हेरीकडचा वरचा पट्टा निर्जन असतो, तिथे सोबत हवीच, हे मी पुरुषांनाही सांगते. पाय मुरगळला तरी तिथे मदत यायला वेळ लागतो आणि मोबाइलची रेंज जाते-येते.

प्रश्न: कुत्र्याला सोबत नेलं तर चालेल का? लॅब आहे, अगदी गरीब स्वभावाचा, पट्टा बांधून नेईन. (दहिसर)

उत्तर: नाही. पट्टा बांधूनही नाही. त्याच्या अंगावरचे आजार आतल्या प्राण्यांना आणि आतल्या गोचिड्या त्याला, शिवाय बिबट्याच्या खाण्यात कुत्रा मोठ्या प्रमाणात असतो. लॅबला दुसरीकडे फिरवा.

प्रश्न: माझा मुलगा सात वर्षांचा आहे. दोनदा नॅशनल पार्कला नेलं, दोन्ही वेळा "वाघ कुठंय, बोअर होतंय, मोबाइल दे". आम्हाला तर चालायला आवडतं. मुलांना रमवायचं कसं? (बोरिवली पश्चिम)

उत्तर: तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं कारण या प्रश्नावर मला खूप बोलायचंय. वाघ बघायला आलेलं मूल निराश होणारच, पिंजऱ्यातल्या सफारीत वाघ दिसतो तो झोपलेला. त्याला आधी सांगायचंच नाही की प्राणी बघायला चाललोय. सांगायचं, आज एकच गोष्ट शोधायचीय. एकच. आणि ती त्याच्या उंचीवरची असली पाहिजे.

पावसाळ्यात गेलात तर जायंट वुड स्पायडर शोधा, तोच तो मोठा कोळी, जुलैपासून पावसाळा सरेपर्यंत रस्त्याच्या कडेला दोन झाडांमध्ये त्याचं जाळं असतं, आपल्या डोक्याच्या जरा वर, उन्हात त्याचे धागे सोनेरी दिसतात. मधोमध बसलेली ती मादी, पाय धरून मोठ्या माणसाच्या पंजाएवढी, काळी आणि सांध्यांवर पिवळी. मग मुलाला विचारा, नर कुठंय? तो त्याच जाळ्यात कुठेतरी कडेला असतो, तांबूस, इतका चिमुकला की वाटतं तिचं पिल्लूच आहे. तो शोधायला मोठ्या माणसांनाही पाच-दहा मिनिटं लागतात, मुलं लवकर शोधतात, कारण त्यांची नजर साफ असते आणि घाई नसते. हात लावायचा नाही, जाळं तोडायचं नाही, बस. याच दिवसांत नशीब असेल तर अॅटलस पतंग दिसतो, पंख पसरले तर वीतभर किंवा जास्त, पंखांच्या टोकाशी सापाच्या डोक्यासारखी नक्षी. त्याला सांगा की याला खायला तोंडच नाही, अळी असताना जे खाल्लं त्यावर हा आठवडाभर जगतो. सात वर्षांच्या मुलाला हे कळलं की घरी येऊन तो शेजारच्या सगळ्यांना सांगतो, बघाच तुम्ही.

पाऊस संपला की सागाची पडलेली पानं उचला. अळ्यांनी मधला गर खाऊन नुसत्या शिरा ठेवलेल्या असतात, पान उजेडात धरलं की बारीक जाळी दिसते, एकही शीर तुटलेली नसते. झाडावरची तोडायची नाहीत, खालची बघायची आणि तिथेच ठेवायची. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पळस आणि पांगारा फुललेला असतो, पांगाऱ्यावर पक्ष्यांची नुसती धमाल, आणि मार्च-एप्रिलमध्ये कुसुमाला पालवी फुटते ती हिरवी नाही, लालभडक, लांबून फुलंच वाटतात. आणि एक झाड त्याला दाखवाच, कांडोळ. पानं गळली की गुळगुळीत पांढरट खोड, कागदासारखी साल निघणारं, चांदण्यात उठून दिसतं म्हणून त्याला भुत्या पण म्हणतात. भुत्या शोधूया म्हटलं की मोबाइल कोण मागतंय.

कान्हेरीला नेलंत तर मोठ्या मूर्ती दाखवाच, तिसऱ्या लेण्यात दोन्ही बाजूंना बुद्धाच्या मूर्ती आहेत, मान मागे टाकून बघाव्या लागतात. पण मुलाला खरी मजा पाण्यात येईल. शंभराहून जास्त लेणी आहेत आणि जागोजागी दगडात कोरलेल्या पाण्याच्या पोढी, म्हणजे टाक्या, आहेत, वरच्या कातळावर बोटभर खोल पन्हळी कोरल्यात, त्यातून पावसाचं पाणी वळवून पोढीत आणलेलं. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी उन्हाळ्याची सोय अशी करून ठेवली. पावसात गेलात तर ते पाणी आजही वाहताना दिसतं, कुठून कुठे जातं ते मुलाला बोटाने दाखवायला लावा. फक्त पावसात तो कातळ शेवाळाने भयंकर निसरडा असतो, कडेला अजिबात सोडू नका, हात धरूनच. लेण्यांचं तिकीट पार्कच्या तिकिटाहून वेगळं असतं.

आणि कारवीबद्दल त्याला सांगून ठेवा. आठ वर्षांनी एकदा फुलणारं झुडूप, आपल्या पार्कात २०१६ ला फुललं, मग २०२४ ला, डोंगरउतार जांभळे झाले होते. फुललं की बी धरतं आणि मरतं, सगळी कारवी एकदमच. पुढचा बहर २०३२ ला, तेव्हा तुमचा मुलगा कितवीत असेल ते त्यालाच मोजायला सांगा.

प्रश्न: आमच्या आत्याबाई दर शनिवारी नॅशनल पार्कात जाऊन माकडांना केळी आणि चणे घालतात. मारुतीचं करतात म्हणून घरात कोणी बोलत नाही. गार्डने एकदा हटकलं तर आत्याबाई दिवसभर रडल्या. मी सून, मी काय बोलणार? (कांदिवली)

उत्तर: तुमची अडचण कळते आणि आत्याबाईंचा भावही खोटा नाही, पण गार्डदादांचं बरोबर आहे. पार्कात प्राण्यांना खायला घालायला बंदी आहे आणि ती माकडांच्या भल्यासाठीच आहे. जंगलात माकड दिवसातले कित्येक तास पाला, फळं, किडे शोधण्यात घालवतं, तोच त्याचा व्यायाम आणि तेच त्याचं काम. आयतं मिळायला लागलं की टोळी रस्त्याला येऊन बसते, गाडीखाली येते, हातातल्या पिशव्या ओढते, नाही दिलं तर चावते, मग लोक काठ्या घेऊन मागे लागतात. म्हणजे शनिवारी एकाने प्रेमाने केळं दिलं की बुधवारी त्याच माकडाला दुसऱ्याचा दगड बसतो. हे आत्याबाईंना असंच सांगा, "नियम आहे" म्हणून नको, त्यांना नियमाचं दुःख नाही, अपमानाचं आहे.

आणि नुसतं नाही म्हणू नका, हाताला काहीतरी द्या. पार्कात वन्यप्राणी दत्तक योजना आहे, पिंजऱ्यातल्या किंवा सांभाळलेल्या प्राण्याचा वर्षाचा खर्च आपण उचलायचा, हरणासारख्या प्राण्यांपासून वाघ-बिबट्यांपर्यंत, ज्याची त्याची ऐपत बघून. घरातल्या चार जणांनी मिळून आत्याबाईंच्या नावाने करा आणि चौकशीला त्यांनाच ऑफिसात घेऊन जा, तिथे त्यांच्याशी मानाने बोललं गेलं की गार्डचं शल्यही जाईल. केळी मारुतीच्या देवळात नेऊन माणसांना वाटता येतात.

प्रश्न: आमचा ऑफिसचा ग्रुप आहे. एकाने व्हॉट्सअॅपवर टाकलंय की येऊरच्या, म्हणजे पार्कच्या ठाण्याकडच्या बाजूने आतून एक वाट आहे, तिकीट नाही, परमिशन नाही, धबधबा पण आहे. जुलैत जायचा प्लॅन आहे. काय काय न्यावं? (ठाणे)

उत्तर: काही नेऊ नका, कारण जाऊच नका. रागावून सांगत नाही, काळजीने सांगतेय. हे राखीव जंगल आहे, परवानगीशिवाय आत शिरणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तो १९७२ पासूनचा कायदा, दंड होतो आणि केसही होते. पण त्याहून मोठं कारण पाणी. वर डोंगरात जोराची सर येऊन गेलेली असते, तुम्ही जिथे उभे आहात तिथे साधा पाऊसही नसतो आणि काही मिनिटांत ओढा कमरेला येतो, मागे फिरायची वाट त्याच ओढ्यातून असते. पावसाळ्यात अशा बातम्या वाचतो आपण, तरुण मुलं असतात हो.

आणि या जंगलातलं पाणी तसंही पोहायचं नाही, प्यायचं आहे. विहार तलाव १८६० ला पुरा झाला, तुळशी १८७९ ला, मुंबईला नळाने पाणी याच जंगलातून पहिल्यांदा मिळालं आणि दोन्ही तलाव आजही शहराला पाणी देतात.

ट्रेल करायचाच आहे ना, तर रीतसर करा, तितकीच मजा येते आणि माहिती जास्त मिळते. पार्कच्या निसर्ग माहिती केंद्रातून शिलोंडा, नागला असे ट्रेल गाइडसोबत करता येतात, आधी बुकिंग करावं लागतं, पावसाच्या दिवसांत काही बंद असतात ते विचारून घ्या. पहिल्यांदा असाल तर शिलोंडा घ्या, बरंच अंतर सावलीतून आहे, ओढ्याच्या कडेकडेने, पक्षी भरपूर. गाइड अनेकदा पाड्यावरचेच असतात, त्यांना बोलतं करा, कुठलं पान कशाला लावतात, कुठल्या झाडावर मध, सगळं कळतं. फिके, मळखाऊ रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, घोटा झाकणारे बूट, मोजे पँटवर ओढून घ्यायचे, पाऊस सरल्यावर गवतात गोचिड्या फार असतात, घरी आल्यावर अंग बघून आंघोळ. पाण्याची बाटली नेलीत ती परत आणा. साप दिसला तर थांबायचं, तो जातो. चावलाच कोणाला तर कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काहीही करायचं नाही, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन आणि मोठं हॉस्पिटल.

वाटेत पाडे लागतील, वारली, महादेव कोळी लोकांचे. तिथे त्यांची घरं आहेत, अंगणात शिरून फोटो काढू नका. बायका काकड्या, करवंदं, जांभळं, ताडगोळे घेऊन बसतात, ते मात्र जरूर घ्या आणि भाव करू नका.

प्रश्न: तुमचं सगळं बोरिवलीचं असतं. आम्ही परळला राहतो, रोज बोरिवलीला यायचं कुठून? आमच्या बाजूला असं झाडीचं काही नाहीच का?

उत्तर: तक्रार मान्य. रोजच्यासाठी बोरिवली लांबच. सायन-बांद्रा लिंक रोडला, धारावीच्या कडेला महाराष्ट्र नेचर पार्क आहे, मिठी नदीला लागून, ३७ एकर. अनेकांना माहीतच नसतं की ते आहे, रोज बाजूने टॅक्सीत जातात. १९७७ पर्यंत तिथे शहराचं डम्पिंग ग्राउंड होतं, कचऱ्याचे डोंगर, मग माती घालून झाडं लावली गेली आणि १९९४ ला ते लोकांसाठी खुलं झालं. आज आत गेलात तर खाली कचरा आहे यावर विश्वास बसत नाही, दाट सावली, वाटा, फुलपाखरं. लांब पळायला जागा नाही, पळायचं असेल तर शिवाजी पार्कचा कट्टा किंवा वरळी सी फेस आहेच तुम्हाला, पण सावकाश चालायला, झाडं ओळखायला शिकायला फार छान. जायच्या आधी वेळ विचारून जा. आणि बोरिवली महिन्यातून एकदा तर जमेल, रविवारी सकाळची विरार लोकल उलट्या दिशेची, बसायला मिळतं.

प्रश्न: नाशिकहून दीर-जाऊ, दोन मुलं आणि सासूबाई येतायत, सासूबाईंना गुडघेदुखी. एका दिवसात नॅशनल पार्क कसं दाखवू? (दहिसर पूर्व)

उत्तर: सगळं दाखवायला जाऊ नका. सकाळी गेट उघडताना पोचा, रविवार टाळता आला तर उत्तम. आधी थेट बसने कान्हेरीला वर जा, ऊन चढायच्या आत लेणी होतात, सासूबाईंना तिसऱ्या लेण्यापर्यंतच न्या, ते पायथ्याजवळच आहे, पुढच्या पायऱ्या त्यांनी चढायची गरज नाही, तिथे सावलीत कोणीतरी त्यांच्याजवळ बसा आणि बाकीचे वर जाऊन या. दगडावर चप्पल नको, सँडल किंवा बूट. परत बसनेच खाली. तरुण मंडळींना चालायचं असेल तर त्यांनी उतरताना चालत यावं, सहा-सात किलोमीटर आहे, मुलं मोठी असतील तरच. डबा घरून न्या पण प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, गेटवर बॅगा बघतात, स्टीलचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या चालतात. डबा उघडायचा तो माकडं नाहीत असं बघून आणि सगळे एकत्र बसून, मुलांना हातात वेफर्सचं पाकीट देऊन मोकळं सोडलंत तर पाकीट गेलंच म्हणून समजा. टॉयलेट गेटजवळच उरकून घ्या, पुढे बराच वेळ सापडत नाही. आणि पाहुणे जर शनिवारी येऊन मंगळवारी निघणार असतील तर सोमवारचा बेत ठरवू नका, शनिवारी दुपारीसुद्धा नको, रविवारीच सकाळी लवकर निघा, गर्दी असली तरी.